बॅगा, बेल्ट आणि तीन फेरीबोटी

पुण्याहून गणपतीपुळ्याला जायचं तर कराडवरून आंबा घाट उतरायचा, विषय संपला. पण मला तो रस्ता हिवाळ्यात अजिबात करवत नाही. ताम्हिणी, माणगाव, म्हसळा करत श्रीवर्धनला समुद्र गाठायचा आणि मग तो उजव्या हाताला ठेवून खाली खाली जात राहायचं, मध्ये तीन खाड्या बोटीतून ओलांडायच्या. यावेळी माझ्या हिमालयन ४११ बाईकला सॅडल स्टे बसवून दोन्ही बाजूला सॉफ्ट पॅनियर, म्हणजे लटकत्या कापडी बॅगा, टाकले होते, त्यामुळे निम्मं लक्ष समुद्राकडे नि निम्मं बॅगांकडे, म्हणून ही पोस्टपण तशीच अर्धी-अर्धी.

स्टे म्हणजे नळ्यांची फ्रेम, मागच्या रॅकला आणि खाली मागे बसणाऱ्याच्या फूटरेस्टजवळ बोल्टने धरते. बसवताना गाडी मेन स्टँडवर सरळ उभी पाहिजे आणि एकही बोल्ट आधी पूर्ण आवळायचा नाही, सगळे हाताने चार-चार आटे बसवून घ्यायचे, दोन्ही बाजू समान आहेत का ते मागून लांबून बघायचं आणि मगच पाना लावायचा. एक कोपरा आधी फिट केला की दुसरीकडचं भोक जुळतच नाही आणि मग लोक हातोडी काढतात. आट्यांना निळं थ्रेड लॉकर (नट सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावलं, आणि प्रत्येक नट नि त्याच्या बोल्टवर मिळून बायकोच्या लाल नेलपॉलिशची एक रेघ मारली. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते, वाकून एक नजर टाकली की झालं, रोज पाने काढत बसायला नको.

या गाडीचा सायलेन्सर उजवीकडे वर उचललेला आहे. कापडी बॅग त्याला टेकली तर वितळणार, त्यामुळे उजवीकडचा स्टे मुद्दाम बाहेर असतो. म्हणजे उजवी बॅग गाडीच्या मध्यापासून जास्त लांब लटकते, तेवढंच वजन असलं तरी ती जास्त ओढते. म्हणून उजवीकडे कपडे नि रेनकोट, डावीकडे टूलकिट, पंक्चर किट, पंप, सुटी ट्यूब. जड वस्तू तळाला आणि शक्य तितकी सीटकडे. गाडीच १९९ किलोची आहे, त्यात वजन मागे नि उंच गेलं की पुढचं चाक हलकं वाटायला लागतं आणि घाटातल्या वळणात ते लगेच कळतं. मागच्या शॉकचा प्रीलोडपण (स्प्रिंगचा आधीचा ताण) वाढवून घेतला. रेनकव्हरवर माझा विश्वास नाही, वाऱ्याने उडतं, त्यापेक्षा आत जाड प्लास्टिकची पिशवी घालून तिचं तोंड पिळून बंद करायचं.

ताम्हिणीच्या आधी मुळशीला चहाला थांबलो तेव्हा बेल्ट परत ओढले. हा थांबा सोडायचाच नाही! घरून कितीही गच्च बांधा, पहिल्या चाळीस-पन्नास किलोमीटरात आतलं सामान दबून खाली बसतं नि बेल्ट ढिले पडतात. ओढून झाल्यावर उरलेलं टोक गुंडाळून त्याच बेल्टखाली खोचायचं, कारण लोंबणारं टोक चेनमध्ये गेलं तर मागचं चाक जाम होऊ शकतं. बेल्ट जिथे नळीवरून जातो तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा घातला होता, घसरतही नाही आणि घासतही नाही.

बागमांडल्याला पहिली बोट, सावित्रीची खाडी. रॅम्पवर ओला चिखल आणि चारचाक्यांच्या उरलेल्या फटीत बाईका कोंबायच्या, शेजारच्या स्कूटीचा आरसा माझ्या बॅगेत रुतलेला. कोकणात मी ॲल्युमिनियमच्या पेट्या लावणार नाही ते यासाठीच. रुंदी तर आहेच, पण असल्या रॅम्पवर गाडी आडवी झाली तर पाय त्या पेटीखाली अडकतो, कापडी बॅग निदान दबते तरी. बोटीत गाडी फर्स्ट गिअरमध्ये टाकून शेजारी उभा राहिलो, खाडी तिथूनपण छान दिसते.

वेसवीला उतरून केळशी, मग आडे-पाडळ्यावरून आंजर्ले. हा पट्टा मला सगळ्यात आवडतो, सुरूची झाडं, एकीकडे पाणी, आणि अर्धा तास समोरून कोणी येत नाही. सोबतच्या मित्राने टेल बॅग (सीटच्या मागची बॅग) बंजीने, म्हणजे हुकवाल्या लवचिक दोरीने, बांधली होती, दोन आडवी नि दोन तिरकी. हर्णैच्या अलीकडे लागोपाठ स्पीडब्रेकर आले आणि त्याची बॅग प्रत्येक ब्रेकरवर वर उडून थोडी थोडी डावीकडे सरकत शेवटी इंडिकेटरवर जाऊन बसली. बंजी ताणते, आवळत नाही. वरून जर्किन अडकवायला ठीक, वजन धरायला बकलचा बेल्टच हवा. माझ्याकडचे दोन जादा बेल्ट त्याला दिले आणि बंजी सीटखाली गेली.

दाभोळच्या बाजारातला उतार अरुंद, समोरून टेम्पो आला की आपणच भिंतीला चिकटायचं. दाभोळ-धोपावे फेरी २००३ पासून चालू आहे, ती नसती तर वाशिष्ठीला वळसा घालून चिपळूणवरून गुहागर. जेटीजवळच्या टपरीवर एक आजोबा बराच वेळ गाडीभोवती फिरून म्हणाले, "काय हो, बिस्किटांची लाईन काय?" नाही म्हटलं, सेल्समन नाही, फिरायला आलोय, कपडे आहेत. "एवढे कपडे? लग्न आहे काय कुणाचं?" यावर काय बोलणार.

गुहागर ते तवसाळ, वाटेत वेळणेश्वर आणि हेदवी. रस्ता सारखा चढ-उतार, मध्ये जांभ्याची लाल धूळ, ती बकलच्या दातांत बसते नि बेल्ट सटकायला लागतो. हेदवीला देवळाबाहेर जुन्या टूथब्रशने बकल साफ केली, नेलपॉलिशच्या रेघा बघितल्या, डावीकडची खालची एक तुटलेली होती. नट पाव आटा पण नसेल फिरला, आवळून टाकला. मग तवसाळला शेवटची बोट, पलीकडे जयगड, आणि तिथून गणपतीपुळ्याच्या घरगुती खानावळीत रात्री सोलकढी नि सुरमई. बॅगा मात्र बेल्ट न सोडता स्टेवरच ठेवल्या, आतली प्लास्टिकची पिशवी तेवढी उचलून खोलीत नेली.