एसजीपीटी नॉर्मल आहे, मग आणखी तपासण्या कशाला?

मिरजेत लॅबमध्ये काम करते म्हटल्यावर ओळखीतला जो तो व्हॉट्सॲपवर रिपोर्ट पाठवतो. परवा तासगावकडच्या एका द्राक्षबागायतदार काकांचा आला. आतड्याचा कॅन्सर लिव्हरमध्ये पसरलेला, केमो झालेली, आता लिव्हरचा उजवा भाग काढायचा आहे. मुलगा फोनवर म्हणाला, "ताई, एसजीपीटी तर नॉर्मल हाय की. मग डॉक्टर आणखी तपासण्या कशाला सांगत्यात?"

एसजीपीटी हे लिव्हरच्या पेशींतलं एन्झाइम. रक्तात ते वाढतं ते पेशींना इजा झाली की. लिव्हरमध्ये दम किती उरलाय, ते त्यातून कळत नाही. सिरॉसिसने, म्हणजे आत व्रण साचून, पार थकलेल्या लिव्हरचंही एसजीपीटी नॉर्मल येऊ शकतं. मी आधी बिलिरुबिन (कावीळ दाखवणारा पिवळा घटक), अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठायला लागणारा वेळ) बघते. अल्ब्युमिन आणि रक्त गोठवणारे बहुतेक घटक लिव्हरच बनवतं. अल्ब्युमिन रक्तात बरेच दिवस टिकतं, त्यामुळे ते उशिरा उतरतं. गोठवणाऱ्या घटकांपैकी एक तर काही तासांतच निम्म्यावर येतो, म्हणून ऑपरेशननंतर पीटी पुन्हा पुन्हा करतात. या तपासणीची निळ्या झाकणाची ट्यूब रेषेपर्यंत भरलीच पाहिजे. आत रक्त गोठू न देणारं सायट्रेट असतं, त्याच्या 1 भागाला रक्त 9 भाग. रक्त कमी पडलं तर पीटी उगाच वाढलेला दिसतो. अशी ट्यूब मी परत पाठवते, कुणी कितीही चिडलं तरी.

या तिन्हींसोबत पोटात साठलेलं पाणी आणि पेशंट किती शुद्धीवर आहे ते बघून लिव्हरच्या ताकदीचा चाइल्ड-प्यू स्कोअर काढतात. पण ऑपरेशनला घेतलेले बहुतेक पेशंट 'ए', म्हणजे सर्वात बऱ्या गटातलेच. त्या एका गटातही कुणाचं लिव्हर दणकट, कुणाचं काठावरचं. तिथे आयसीजी तपासणी उपयोगी पडते. आयसीजी नावाचा हिरवा रंग शिरेतून देतात, तो फक्त लिव्हरच उचलून पित्तात टाकतं. 15 मिनिटांनी रक्तात 10 टक्क्यांहून कमी उरला तर चांगलं. जपानी सर्जन किती भाग कापायचा हे या आकड्यावरून ठरवत आलेत. पित्तनलिका तुंबून कावीळ झाली असेल तर मात्र त्यावर विसंबता येत नाही.

शिवाय ऑपरेशननंतर लिव्हरचा किती भाग मागे राहील, ते सीटीवर मोजतात. निरोगी लिव्हरला 20 ते 25 टक्के पुरतात, बरीच केमो झालेल्याला 30 तरी हवेत, सिरॉसिसला 40. कमी भरलं तर आतड्याकडून लिव्हरला रक्त आणणाऱ्या पोर्टल शिरेची उजवी फांदी आधी बंद करतात आणि डावा भाग वाढायची काही आठवडे वाट बघतात.

काकांचे किती टक्के उरणार, हे सर्जनना आधी विचार, असं मुलाला सांगितलंय.