डॉल्फिनच्या कानावर किती आवाज पडतो: सांगलीत बसून केलेला हिशेब

एम.एस्सी. फिजिक्सच्या प्रोजेक्टला मी विषय घेतला: जेटीसाठी समुद्रात पाइल, म्हणजे आधाराचे खांब, ठोकतात, तो आवाज डॉल्फिनपर्यंत किती पोचतो? सरांनी पहिला प्रश्न विचारला, "समुद्र कुठं आहे सांगलीत?" पण हिशेबाला लागणारी माहिती घरबसल्या मिळते. समुद्रतळाचा नकाशा 'जेब्को' या जागतिक प्रकल्पाचा, पाण्याचं तापमान आणि क्षारता वर्ल्ड ओशन ॲटलासची, दोन्ही फुकट. त्यांवरून पाण्यातला आवाजाचा वेग काढता येतो, सेकंदाला साधारण १५०० मीटर. जागा मी रत्नागिरीजवळच्या एका खाडीच्या तोंडाची धरली, जेटी काल्पनिक.

पहिली अडचण उथळ पाण्याची. पाइलिंगची बहुतेक ऊर्जा १००० हर्ट्‌झच्या खाली असते. १०० हर्ट्‌झला तरंगलांबी १५ मीटर, आणि माझ्याकडं पाणी जेमतेम २० मीटर. अशा ठिकाणी आवाजाचे किरण काढत बसणारं 'बेलहॉप' हे सॉफ्टवेअर भरवशाचं नाही, म्हणून खालच्या वारंवारतांसाठी पॅराबोलिक इक्वेशनवर, म्हणजे लाटेच्याच समीकरणाच्या सोप्या रूपावर, चालणारं 'रॅम' घेतलं. तळ चिखलाचा की वाळूचा, एवढ्यानंही उत्तर बरंच हलतं. ते दोन्ही धरून चालवलं.

मग कान. प्रत्येक प्राण्याला प्रत्येक आवाज सारखा ऐकू येत नाही, त्यामुळं त्याच्या श्रवणाप्रमाणं वजन द्यावं लागतं. अमेरिकेच्या सागरी मत्स्य सेवेच्या (एनएमएफएस) २०१८ च्या मार्गदर्शिकेत ठोक्यांच्या आवाजानं कायमचं बहिरेपण येण्याची मर्यादा बहुतेक डॉल्फिनांसाठी १८५ डेसिबल आहे, पॉरपॉइज या डॉल्फिनच्या छोट्या भाऊबंदांसाठी १५५. आपल्या किनाऱ्यावर हंपबॅक डॉल्फिन आणि फिनलेस पॉरपॉइज दोन्ही आहेत. ३० डेसिबलचा फरक म्हणजे ऊर्जेत हजारपट! हे आकडे २०२४ मध्ये सुधारले गेले, म्हणून अहवालात कुठल्या वर्षाचे वापरले ते लिहायलाच हवं. आणि हे पाण्यातले डेसिबल आहेत, हवेतल्यांशी थेट तुलना करू नये.

खरा विषय इथून पुढं सुरू होतो. गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बीसमोर रात्रभर उभा राहणारा आणि शेजारून निघून जाणारा, दोघांच्या कानांची अवस्था सारखी नसते. इथंही मात्रा साठत जाते. एका ठोक्याची मात्रा १५० डेसिबल असेल तिथं प्राणी थांबला आणि १००० ठोके बसले, तर एकूण १८० होते. म्हणून मॉडेलमध्ये ठिपक्यांच्या रूपात प्राणी सोडायचे, ते पोहतात, आणि दर ठोक्याला त्यांच्या जागेवरचा आवाज त्यांच्या खात्यात जमा होतो. पळून जाणाऱ्या प्राण्याचा वेग मी सेकंदाला १.५ मीटर धरला. तासाभरात तो ५.४ किलोमीटर लांब जातो आणि बहुतेक ठिपके सुटतात.

पडद्यावर पाहताना मात्र एक गोष्ट टोचत राहिली. किनाऱ्याकडं पळालेले ठिपके जमिनीला अडून तिथंच घुटमळत होते, त्यांच्या खात्यातला आकडा चढत होता. हंपबॅक डॉल्फिन मुळात किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातला. त्याच्या एका बाजूला जमीन आणि दुसऱ्या बाजूला त्याला न मानवणारं खोल पाणी. त्यानं पळायचं कुठं?

आंबा घाट उतरून रत्नागिरीला गेलो तेव्हा एका तांडेलकाकांना विचारलं, बोटींचा गलबला झाला की हे लांब जातात का? "जातात की. पण परत येतात. मासळी हितं, तर ते हितंच असणार."

त्यानंतर मी दोन नकाशे केले, एक पळणाऱ्यांचा, एक थांबणाऱ्यांचा. थांबणाऱ्यांच्या नकाशात धोक्याचं वर्तुळ कितीतरी मोठं येतं. तोंडी परीक्षेत विचारलं गेलं, यातला कुठला धरायचा? हंपबॅक डॉल्फिनसाठी थांबणाऱ्यांचा, असं मी ठामपणे सांगितलं आणि आजही सांगेन. ही जात 'धोक्यात' म्हणून नोंदलेली आहे. तिचं घर खाडीच्या तोंडाशी असताना ती पळेलच असं गृहीत धरून परवानगी देणं मला पटत नाही.

उपायही हिशेबात घालून पाहिला. पाइलभोवती हवेच्या बुडबुड्यांचा पडदा सोडतात, त्यानं आवाज १० डेसिबलनं उतरला असं धरलं. अंतर दहापट झालं की आवाज १५ डेसिबल घटतो, या ढोबळ नियमानं पाहिलं तर धोक्याचं अंतर पाचव्या हिश्श्याच्या आसपास येतं. हा पडदा कामाच्या टेंडरमध्येच लिहिलेला असावा, अशी शिफारस मी अहवालात केली.