फोनवर कळवू, असे ते म्हणत राहिले

माझे डाव्या कानाचे यंत्र दुरुस्तीला गेले ते ४३ दिवसांनी परत हाती आले. प्रत्यक्ष काम तीन दिवसांचे होते, हे मला नंतर कळले. बाकीचे ४० दिवस दुकान मला फोनवर काहीतरी सांगत राहिले आणि मला ते ऐकू येत नव्हते, यात गेले. श्रवणयंत्र घेताना आपण किंमत विचारतो, चॅनेल किती, म्हणजे आवाजाच्या किती पट्ट्या यंत्र वेगवेगळ्या सांभाळते, ते विचारतो, कानात दिसेल का हेही विचारतो. यंत्र बिघडल्यावर तुम्ही मला कळवणार कसे, हे मात्र मी विचारले नाही, आणि माझ्यासारखा त्रास दुसऱ्या कोणाला होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मी दापोलीला राहते. शाळेतून निवृत्त होऊन पाच वर्षे झाली. शेवटची दोन वर्षे वर्गात मुले काय बोलतात ते कळण्यासाठी मला त्यांच्या ओठांकडे पाहावे लागत होते, पण त्याला मी गोंगाटाचे कारण देत असे. बाजारात भाजीवाली ‘साठ’ म्हणाली आणि मी दहाची नोट पुढे केली, कारण मला ‘आठ’ ऐकू आले होते, तेव्हा मात्र डॉक्टरांकडे गेले. कानातला मळ काढून तपासणी झाली आणि आलेखावर कारण स्पष्ट दिसले. जाड, खालच्या पट्टीचे आवाज मला जवळजवळ नीट ऐकू येत होते, पण ४००० हर्ट्झच्या आसपास दोन्ही कानांची रेषा ७० डेसिबलपर्यंत खाली गेली होती. या आलेखात रेषा जितकी खाली, तितके कमी ऐकू येते. स, श, त, क यांची ओळख याच वरच्या पट्टीत होते. म्हणून आवाज येतो, पण शब्द कळत नाही, आणि घरचे म्हणतात की बाईंना हवे तेवढेच ऐकू येते.

निवड फार कठीण गेली नाही. मला कानाच्या आत बसणारे, कोणाला न दिसणारे यंत्र हवे होते. पुण्याच्या श्रवणतज्ज्ञ बाईंनी माझ्या हातात त्याचा सेल दिला आणि बसवायला सांगितले. तो माझ्या बोटांतून तीनदा निसटला. शिवाय आतले यंत्र कानातला घाम आणि मळ थेट झेलते आणि कोकणातल्या दमट हवेत त्याचे दुखणे वाढते, असे त्या म्हणाल्या. माझ्या शेजाऱ्यांचे कानामागचे यंत्र साच्याचे आहे, म्हणजे कानाचे माप घेऊन केलेला मोल्ड आणि त्याला नळी. ज्यांना सगळ्याच पट्ट्यांत कमी ऐकू येते, त्यांना ते योग्य. मला खालचे सूर ऐकू येत असल्यामुळे कान पूर्ण बंद केला असता, तर स्वतःचाच आवाज माठात बोलल्यासारखा घुमला असता. म्हणून कानामागे छोटी डबी, तिच्यातून निघणारी बारीक तार आणि तारेच्या टोकाला कानात जाणारा रिसीव्हर, म्हणजे छोटा स्पीकर, व त्यावर भोके असलेला मऊ डोम, म्हणजे टोपी, असा प्रकार ठरला. चार्जिंगचे यंत्र मी घेतले नाही. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळानंतर आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती, ते मी विसरलेले नाही. तपकिरी चिकटपट्टी लावलेला ३१२ नंबरचा सेल मला सहा-सात दिवस पुरतो. दोन्ही कानांची जोडी ७८,००० रुपयांना पडली आणि दोन वर्षांची वॉरंटी मिळाली. श्रवणयंत्रावर जीएसटी लागत नाही, तेव्हा बिलात तो लावलेला दिसला तर जरूर विचारावे.

बाविसाव्या महिन्यात, भर जुलैत, डावे यंत्र एका सकाळी मुके झाले. घरी करायचे ते सगळे मी केले. नवा सेल घातला, आणि पट्टी काढल्यावर त्यात हवा शिरण्यासाठी दोन मिनिटे थांबून मगच घातला. डोम काढून पुसला, वॅक्स गार्ड, म्हणजे मळ अडवणारी जाळी, बदलला, रात्रभर यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवले. सकाळी ते मुठीत बंद करून कानाशी धरले. चालू यंत्र मुठीत धरल्यावर शिट्टी वाजते. माझे गप्प होते. मग पुणे गाठले. काउंटरवरच्या मुलीने पावती केली, यंत्र कंपनीकडे पाठवावे लागेल असे सांगितले आणि म्हणाली, “आठ दिवसांत फोनवर कळवू.” मी मान डोलावली. ती माझी चूक होती.

फोनवर बोलणे ज्यांना कठीण जात नाही, त्यांना यातली अडचण सांगावी लागते. साध्या फोनवरून साधारण ३४०० हर्ट्झच्या वरचा आवाज पलीकडे पोहोचतच नाही, म्हणजे माझे जे अक्षर मुळातच दुबळे, ते फोन आधीच कापून टाकतो. समोर ओठ दिसत नाहीत. नवव्या दिवशी फोन आला. पलीकडचा माणूस भराभर बोलत होता, मला कळले ते एवढेच, “मॅडम... आडेआत... आलेल का?” मी तीनदा म्हटले की मला ऐकू येत नाही, कृपया संदेश पाठवा. त्याने आवाज चढवला. मोठ्याने बोलल्याने स्वर मोठे होतात, व्यंजने तशीच हरवलेली राहतात. शेवटी त्याने फोन ठेवला.

मी लगेच लेखी संदेश पाठवला: “मला फोनवर ऐकू येत नाही. जे सांगायचे आहे ते लिहून कळवावे.” उत्तर म्हणून पुन्हा फोन आला. मी ई-मेल केला. त्याचेही उत्तर फोननेच आले. पुढच्या तीन आठवड्यांत असे सहा फोन आले आणि प्रत्येक वेळी मी तेच सांगितले. मला रागापेक्षा अपमान अधिक वाटत होता. ज्यांच्याकडे येणारा प्रत्येक ग्राहक कमी ऐकणारा आहे, त्या दुकानात लिहून कळवण्याची सोय नसावी, आणि तसे मागणाऱ्या माणसाला आडमुठे समजले जावे, हे मला अजूनही पटत नाही. कोणा घरच्यांचा नंबर द्या, असे ई-मेलमध्ये एका ओळीत लिहून आले, ती त्यांची पहिली लेखी ओळ. माझी मुलगी परदेशात असते. पण ती इथे असती, तरी माझ्या कानाच्या यंत्राबद्दल माझ्याशीच बोलले पाहिजे, असे माझे म्हणणे होते आणि आहे.

अठ्ठाविसाव्या दिवशी मात्र मी हरले. शेजारच्या सुनेला बोलावले आणि तिने माझ्या फोनवर बोलणे केले. ती एकेक वाक्य ऐकून वहीत लिहीत होती: “बाई, ते म्हणताहेत खर्च साडेसात हजार येईल. ओलावा गेलाय म्हणे, वॉरंटीत बसत नाही. आणि तुम्ही होकार दिला नाही म्हणून काम थांबलंय.” म्हणजे १९ दिवस ते यंत्र तिथे उघडून नुसते पडून होते आणि नोंदीत ‘ग्राहकाचा प्रतिसाद नाही’ असे लिहिले होते.

मी तिला एवढेच विचारायला सांगितले की, तंत्रज्ञाचा अहवाल लेखी मिळेल का. यासाठी पुन्हा दोन ई-मेल लागले. अहवाल आला तो चार ओळींचा. त्यात सर्किट निकामी असल्याचे लिहिले होते आणि पुढे, “गंज आढळला नाही.” ओलाव्याचा एक शब्दही नव्हता. ज्याच्या आधारावर माझ्याकडे साडेसात हजार मागत होते, ते कारण त्यांच्याच कागदात नव्हते. बिल, वॉरंटी कार्ड, आलेख आणि हा अहवाल, या चारही कागदांच्या प्रती घेऊन मी पुन्हा पुण्याची एसटी धरली. दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या संकेतस्थळावर तक्रार करायची, असे ठरवून तिचा मसुदाही पिशवीत ठेवला होता. १९१५ हा क्रमांक फोनचा असला, तरी तिथे लेखी तक्रारही करता येते, हे आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवावे.

त्या दिवशी काउंटरवर एक नवीन मुलगा होता. मी म्हटले, “मला हळू आणि समोर बघून सांगा, किंवा लिहा.” त्याने अहवाल वाचला, आत जाऊन आला, बिलबुकातला एक कागद उलटा केला आणि निळ्या पेनाने लिहिले: “मॅडम, वॉरंटीत होईल. पैसे नाहीत. पुढच्या बुधवारी.” खाली त्याने स्वतःहून सही केली. तो कागद वाचताना माझे डोळे भरून आले. एवढे लिहायला त्याला अर्धे मिनिटही लागले नव्हते.

बुधवारी यंत्र मिळाले, पण कानात घालताच सगळे आवाज पत्र्यावर आपटल्यासारखे आले. सर्किट बदलले की त्यात बसवलेला माझ्या कानाचा हिशेब पुसला जातो आणि नवे सर्किट कंपनीच्या सरासरी मापावर सुरू होते, हे मला कोणी सांगितले नव्हते. माझ्या जुन्या सेटिंगची नोंद त्यांच्या संगणकात होती. ती भरून घेतली, उजव्या यंत्राशी ताडून पाहिली आणि मगच खुर्चीवरून उठले. जुळणी झाली की तिची छापील प्रत मागून घ्यावी, हे म्हणूनच सांगते.

आठवले म्हणून आणखी थोडे. दुरुस्तीच्या काळात वापरायला बदली यंत्र मिळेल का, हे विकत घेण्याआधी विचारावे. माझ्या दुकानात ते होते, मी मागितले नाही म्हणून दिले नाही. रात्री सेलचे दार उघडे ठेवावे. सिलिका जेलचे निळे खडे गुलाबी झाले की बदलावेत. तांदळाच्या डब्यात यंत्र ठेवू नये, त्याची धूळ माइकच्या छिद्रात बसते. केसांचे तेल जिरल्यावर आणि केस पूर्ण वाळल्यावरच यंत्र घालावे. घरात नातवंडे असतील, तर वापरलेला सेलही कुलपात ठेवावा. मुलाने गिळला तर थेट रुग्णालय गाठावे. आणि दुकानाच्या गार खोलीत छान ऐकू आले म्हणून लगेच पैसे भरू नयेत. यंत्र लावून बाहेर रस्त्यावर या, रिक्षावाल्याशी बोला, भाजीचा भाव विचारा.

फेब्रुवारीत उजवे यंत्र नियमित तपासणीला दिले. पावतीच्या वरच्या कोपऱ्यात मी माझ्या हाताने ठळक लिहिले, “फोन करू नये. लेखी कळवावे,” आणि काउंटरवरच्या मुलीची त्याखाली सही घेतली. चौथ्या दिवशी दुपारी मोबाइलवर संदेश आला: “मॅडम, मशीन तयार आहे, घेऊन जा.”