तुम्ही विचारलंत म्हणून: मातीच्या फ्रिजमध्ये आजीचं इन्सुलिन ठेवलं तर चालेल का?

विज्ञान प्रदर्शनाचे दिवस आले की हा प्रश्न हमखास येतो. मुलांनी दोन माठ एकात एक बसवून वाळूचा फ्रिज केलेला असतो, कोथिंबीर आणि टोमॅटो ठेवून झालेले असतात, आणि घरात कुणाला तरी मधुमेह असतो. उत्तर आधीच सांगते: फोडलेली, रोजच्या वापरातली बाटली कोरड्या उन्हाळ्यात ठेवता येईल. पुढच्या महिन्यांसाठी आणून ठेवलेल्या सीलबंद बाटल्या मात्र नाही.

सीलबंद इन्सुलिनला मुदत संपेपर्यंत २ ते ८ अंश सेल्सिअस लागतं, आणि मातीचा कुठलाही माठ उन्हाळ्यात तिथवर जात नाही. फोडलेली बाटली बहुतेक प्रकारांत २५ ते ३० अंशांखाली साधारण चार आठवडे चालते. नेमका आकडा खोक्यातल्या कागदावर असतो, तोच धरायचा. म्हणजे मुलांनी सोडवायचा प्रश्न ‘फ्रिज बनवा’ हा नाहीच. घरात ४० अंश असताना एक छोटी बाटली ३० च्या खाली ठेवायची आहे, एवढंच. जिनिव्हा विद्यापीठ आणि डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स ही वैद्यकीय मदत संस्था यांनी केनियातल्या दागाहाले निर्वासित छावणीतल्या तापमानावर केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तापमान २५ ते ३७ अंशांत वरखाली होत असतानाही चार आठवडे इन्सुलिनची ताकद टिकली, असं त्यात दिसलं. त्यामुळे २७-२८ अंशांचा माठ ही टाकाऊ गोष्ट नाही. ३७ च्या वर काय होतं हे मात्र त्या अभ्यासावरून ठरवू नये.

आता माठ किती थंड होईल? हे हवेतल्या दमटपणावर ठरतं, माठाच्या किमतीवर नाही. वाळूत ओतलेलं पाणी बाहेरच्या माठातून पाझरतं, वाफ होतं आणि त्यानेच गारवा येतो. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता ओढून घेतं, पण हवा आधीच दमट असेल तर वाफ होणार कशी? दोन सारखे थर्मामीटर घ्या, एकाच्या टोकाला ओलं सुती फडकं गुंडाळा आणि दोन्हींना पुठ्ठ्याने वारा घाला. ओला थर्मामीटर जिथे थांबतो, त्याच्या खाली माठ जाऊच शकत नाही. अकोला किंवा चंद्रपूरकडे मेच्या दुपारी ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर हा आकडा २२ च्या आसपास येतो, आणि चांगला माठ त्याच्या चार-पाच अंश वर थांबतो. रत्नागिरीत ३३ अंश आणि ७५ टक्के असेल तर ओला थर्मामीटरच २९ दाखवतो. तिथे एवढी खटपट करून हाती काय लागणार? कोकणातल्या शाळांनी हा प्रकल्प घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. घेतलाच तर ‘आमच्याकडे का चालत नाही’ याच विषयावर घ्यावा, तोही उत्तम प्रकल्प होईल. आणि ‘भर उन्हाळ्यात ६ अंश’ असं लिहिलेला तक्ता दिसला तर आधी मुलांना थर्मामीटर कुठे आहे ते विचारा.

बांधणी सोपी आहे, पण चुका ठरलेल्या आहेत. बाहेरचा माठ रुंद तोंडाचा आणि बिनचकाकीचा हवा. दुकानातच त्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहा, काही सेकंदांत जिरला पाहिजे. प्रदर्शनासाठी माठावर वारली चित्रं काढायची मुलांना हौस असते आणि ती ऑइलपेंटने काढली जातात. रंगाने छिद्रं बुजली की माठ पाझरायचा थांबतो. खरी वारली गेरूवर तांदळाच्या पिठाने काढतात. तशीच काढा, माठाला काही होत नाही. आतला माठ मातीचाच हवा असं नाही. ब्रिटनच्या एमिली कमिन्स यांनी शाळकरी वयात सुरू केलेल्या अशाच शीतकपाटात आतलं नळकांडं धातूचं होतं, त्यामुळे आतली वस्तू कोरडी राहते. आपल्याकडे घट्ट झाकणाचा स्टीलचा उभा डबा बसतो. बाटलीवरचं लेबल ओलाव्याने सुटलं तर कुठलं इन्सुलिन हेच कळेनासं होतं, म्हणून हा डबा महत्त्वाचा.

तळाला ४-५ सेंटिमीटर वाळू घाला, डब्याचं तोंड माठाच्या तोंडाच्या पातळीला आलं पाहिजे. भोवती ३-४ सेंटिमीटर जागा सोडून नदीची भरड वाळू भरा, चाळून आणि धुऊन. काळी माती वापरू नका. ती वाळली की आकसते, भेगा पडतात आणि भिंतीपासून सुटते. पहिल्यांदा पाणी ओतताना डब्यात दगड ठेवा. नाहीतर रिकामा डबा ओल्या वाळूतून वर उचलला जातो आणि सगळी रचना तिरकी होते. हे इतक्या वेळा होतं की तक्त्यावर लिहून ठेवायला हवं. वरून मातीचं झाकण आणि ओलं तरट. माठ तीन विटांवर, सावलीत, वारा लागेल अशा जागी ठेवा. स्वयंपाकघर नको, तिथे उष्णताही आणि वाफही. पाणी सकाळ-संध्याकाळ, ४० च्या वर असेल तर दुपारीही. बोअरचं जड पाणी असेल तर काही आठवड्यांत बाहेर पांढरा थर येतो आणि गारवा कमी होतो. काथ्याने साध्या पाण्यात घासायचा, साबण लावायचा नाही.

खरी कमाई मोजण्यात आहे, आणि बहुतेक प्रकल्प इथेच लंगडे पडतात. डब्यातल्या हवेचं तापमान मोजू नका, झाकण उघडताच ते बदलतं. इन्सुलिनच्या १० मिलिलिटर बाटलीएवढ्या कुठल्याही छोट्या बाटलीत पाणी भरा आणि त्यात सेन्सर बुडवा. जलरोधक डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर पुरेसा आहे, त्याची अचूकता अर्ध्या अंशाची. त्याच्या डेटा आणि धन तारांमध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लागतो. विसरलात तर अर्दुइनोवर (सेन्सर जोडायच्या छोट्या संगणकी बोर्डावर) उणे १२७ दिसतं, म्हणजे सेन्सर सापडलेला नाही. मधेच ८५ दिसलं तर माठ तापलेला नाही, सेन्सर नुकताच चालू होऊन पहिलं मोजमाप होण्याआधीचा तो आकडा आहे. दुसरा तसाच सेन्सर शेजारच्या फळीवर, तशाच पाण्याच्या बाटलीत. आर्द्रतेसाठी डीएचटी२२ सेन्सर घ्या, डीएचटी११ चे आकडे फार ढोबळ येतात. दर १० मिनिटांनी नोंद, निदान आठवडाभर. सरासरी लिहून भागत नाही: दुपारी तीन-चारच्या सुमाराचा सर्वांत वरचा आकडा आणि तो किती तास टिकला, हे दोन हवेत. शाळकरी मुलांच्या विज्ञान कल्पनांसाठी असलेल्या केंद्र सरकारच्या इन्स्पायर-मानक योजनेत निवड झालेल्या मुलांना जे १०,००० रुपये मिळतात, त्यात हे सगळं बसून पैसे उरतात.

या आठवड्यात डब्यात पाण्याचीच बाटली राहील, आजीचं इन्सुलिन नाही. नोंदी ३० च्या खाली राहिल्या तर त्या घेऊन आजींच्या डॉक्टरांकडे जा आणि त्यांनी हो म्हटलं तरच वापरातली बाटली आत ठेवा, फोडल्याची तारीख लिहून. फ्रिज असलेल्या घरी हा माठ लांबलेल्या लोडशेडिंगसाठी ठीक. बर्फाच्या पिशवीला चिकटून ठेवलेलं इन्सुलिन गोठतं, आणि एकदा गोठलेलं वितळलं तरी वापरायचं नाही. माठात ती भीती नाही. इन्सुलिन दिसायला ठीक आहे यावर मात्र विसंबू नका. गुठळ्या किंवा कण दिसले तर बाटली टाकायचीच, पण ताकद गेलेलं इन्सुलिनही नितळ दिसू शकतं. जेवण आणि डोस तेच असून साखर वाढत चालली तर नवी बाटली फोडा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.