कारकून सभासद नसतो म्हणून

सकाळी बोर्ड (त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी) बघून तारखा उतरवणारा, नकलेचा अर्ज टाकणारा, तलबाना (समन्स बजावण्याची फी) भरणारा आणि पक्षकाराला फोन करून 'उद्या साडेदहाला या' म्हणणारा माणूस म्हणजे वकिलाचा कारकून. मार्च 2020 मध्ये कोरोनाच्या साथीत कोर्टाचं कामकाज तातडीच्या प्रकरणांपुरतं उरलं, तेव्हा सर्वांत आधी त्याची मिळकत थांबली. पगार थोडा, बाकी सगळं रोजच्या किरकोळ पैशांवर. मात्र बार असोसिएशनच्या, म्हणजे वकिलांच्या संघटनेच्या, घटनेत सहसा त्याचं नाव नसतं. सभासद फक्त वकील.

वकिलांचंही बरं होतं असं नाही. सांगली जिल्ह्यात तासगाव, पलूसकडचा पक्षकार द्राक्षाचे पैसे आले की फी देतो, आणि त्या वर्षी टाळेबंदी ऐन काढणीत आली. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांमुळे वकिलाला सनद (वकिलीचा परवाना) चालू ठेवून दुकान टाकता येत नाही की पूर्णवेळ नोकरी धरता येत नाही. दोन-तीन वर्षांची प्रॅक्टिस झालेल्या ज्युनिअरकडे साठलेलं काहीच नसतं. म्हणून संघटनेचा मदतनिधी लागतो, आणि तो साथ येण्याआधी कागदावर तयार लागतो.

पहिली अडचण घटनेतली. उद्दिष्टांत 'सभासदांचे कल्याण' एवढंच लिहिलं असेल तर कारकुनाला दिलेल्या पाच हजारांवर ऑडिटर बोट ठेवणारच. सर्वसाधारण सभेत दुरुस्ती करून 'सभासद, त्यांचे कारकून, कोर्ट आवारातील टंकलेखक व विधी विद्यार्थी' असे शब्द घाला. हे काम साथ नसतानाच उरकायचं, कारण साथीत सभाच भरत नाही. दुसरी अडचण सह्यांची. निवडणूक होते, नवे पदाधिकारी येतात, पण महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 22 प्रमाणे 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात फेरफार अहवाल (पदाधिकारी बदलल्याची नोंद) द्यायचा राहून जातो. मग बँक नव्यांच्या सह्या घेत नाही, आणि जुन्यांपैकी एक विलगीकरणात, दुसरा गावी. चार सह्यांची नोंद ठेवा, त्यांपैकी कोणत्याही दोन चालतील असा ठराव करा.

वाटपाबद्दल आमचं मत पक्कं आहे: धान्याचं किट नको, रोख द्या, तीही थेट खात्यात. घरभाडं, औषधं, मुलांच्या ऑनलाइन शाळेचं रिचार्ज यांतलं काहीच तांदळाच्या पिशवीतून भागत नाही. किट देतानाचा फोटो एकदा ग्रुपवर पडला की पुढचे अर्ज येणं बंद. काळा कोट घालणारा माणूस उपाशी राहील, पण फोटोत उभा राहणार नाही. अर्ज एका पानाचा असावा आणि एकाच ज्येष्ठ सभासदाकडे जावा. तिघांच्या समितीपुढे नाव न जाता फक्त क्रमांक जावा. दोन दिवसांत निर्णय, सगळ्यांना सारखी रक्कम. कोण जास्त गरजू याची चर्चा सुरू झाली की महिना जातो आणि गट पडतात. कारकुनाचा अर्ज त्याच्या वकिलामार्फतच यावा अशी अट घालू नका; कधी कधी तक्रार त्या वकिलाबद्दलच असते.

पैशांइतकीच मोठी मदत मुदतीच्या बाबतीत करता येते. सर्वोच्च न्यायालयाने 23 मार्च 2020 रोजी दावे, अपिलं वगैरे दाखल करण्याच्या मुदती वाढवल्या. पुढे आदेश बदलत गेले आणि 10 जानेवारी 2022 च्या आदेशाने 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ वगळला गेला. त्या काळात संपलेल्या मुदतीला 1 मार्च 2022 पासून 90 दिवस मिळाले; शिल्लक मुदत त्याहून जास्त असेल तर तेवढी. चेक बाऊन्सची नोटीस आणि फिर्याद यांनाही हे लागू होतं. पण 'सगळ्याच मुदती वाढल्या' हा समज घातक ठरला. 2020 मध्ये सगुफा अहमद प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की मार्च 2020 च्या आदेशाने मूळ मुदत वाढली, विलंब माफ करता येण्याचा जादा काळ वाढला नाही; पुढच्या आदेशांत मात्र तो काळही धरला गेला. एस. कासी प्रकरणात पोलिसांना दोषारोपपत्रासाठी ही वाढ मिळणार नाही असं ठरलं, म्हणजे दोषारोपपत्र मुदतीत न आल्यास आरोपीला मिळणारा डिफॉल्ट जामिनाचा हक्क शाबूत राहिला. असा प्रत्येक आदेश आला की त्याच दिवशी एक पान मराठीत काढून जत, आटपाडी, शिराळ्यापर्यंत पोचवणं हे जिल्हा संघटनेचं काम. सोबत हिशेबाचं एक उदाहरण हवंच. पूर्ण आदेशाची चाळीस पानी पीडीएफ फॉरवर्ड केली की कुणी उघडत नाही.

व्हिडिओ सुनावणीसाठी बार रूममध्ये एक संगणक, हेडफोन, इन्व्हर्टर आणि दोन वेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट पुरतं. एका खोलीत दोन फोन जोडले की आवाज घुमतो, एवढं एकच पथ्य भिंतीवर लावा.

वकील गेला तर काय, हे बोलायला कुणाला आवडत नाही. दिवाणी दाव्यातलं वकीलपत्र वकिलाच्या मृत्यूने संपतं, आणि पक्षकाराला ते तारीख हुकल्यावर कळतं. वकीलपत्रावर दोघांची नावं घ्या. दोन-दोन वकिलांच्या जोड्या लावून प्रत्येकाच्या चालू प्रकरणांची यादी सीएनआर क्रमांकासह (प्रत्येक प्रकरणाचा ई-कोर्टवरचा स्वतंत्र क्रमांक) जोडीदाराकडे ठेवा, दर महिन्याला नवी. फी बाकी आहे म्हणून घरच्यांनी फाइल अडवायची नाही. वकिलाला कागदांवर तसा हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्येच सांगितलंय. राज्याच्या वकील कल्याण निधीचं सदस्यत्व आणि वारसाची नोंद दरवर्षी एकदा तपासा. सदस्यत्व खंडित झालेलं असेल तर ते कुटुंबाला सांगायची वेळ संघटनेच्या सचिवावर येते.

विद्यार्थ्यांचं थोडक्यात. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान 12 आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला 20 आठवडे इंटर्नशिप लागते, आणि कोर्टाच्या दारातच प्रवेश नसेल तर ती अडते. एका निकाली दाव्याची फाइल घ्या, नावं काळी करा, स्कॅन करून चार-चार विद्यार्थ्यांना द्या. पहिल्या आठवड्यात कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), दुसऱ्यात वादाचे मुद्दे, तिसऱ्यात उलटतपासाचे प्रश्न लिहून मागवा. तपासणारा वकील दर आठवड्याला डायरीवर सही करेल. कॉलेजला हे चालेल का, ते आधी प्राचार्यांकडून लेखी घ्या.