तुम्ही विचारलंत म्हणून: पुन्हा पुन्हा तोच ‘फ्रँकेन्स्टाइन’ का?

जुन्या भयपटांचा विषय निघाला की मला हमखास विचारलं जातं, “१९३१चा तो कृष्णधवल ‘फ्रँकेन्स्टाइन’ बघून आता कुणी घाबरतं का? मग तुम्ही तो इतक्यांदा कशासाठी बघता?”

त्यात राक्षस झालेल्या बोरिस कार्लॉफच्या हातांसाठी.

शास्त्रज्ञ हेन्री फ्रँकेन्स्टाइन पुरलेली प्रेतं उकरून, फासावरचा देह उतरवून एक शरीर जोडतो आणि वादळी रात्री विजेच्या बळावर त्यात जीव आणतो. विजेचे देखावे रचणाऱ्या केनेथ स्ट्रिकफॅडनच्या यंत्रांतून उडणाऱ्या त्या ठिणग्या झकास आहेतच, पण माझा सिनेमा त्यानंतर सुरू होतो. हेन्री छतातली झडप उघडतो. उजेड आत येतो. त्या प्राण्याने तोवर उजेड पाहिलेलाच नाही. तो मान वर करतो, उभा राहतो, दोन्ही हात उंचावून उजेड धरू बघतो. झडप बंद होते आणि तेच रिकामे हात हेन्रीसमोर येतात, काहीतरी मागत. शब्द नाही, पार्श्वसंगीत नाही. दिग्दर्शक जेम्स व्हेलच्या या चित्रपटात श्रेयनामावली सोडली तर संगीत जवळजवळ नाहीच. लगेच मदतनीस फ्रिट्झ पेटता पलिता घेऊन येतो. पुढे साखळदंड, चाबूक, पुन्हा आग.

जॅक पियर्सचा मेकअप चढवायला तासन्‌तास लागत. पापण्यांवर मेण, पायांत जडशीळ बूट. गाल खोल दिसावा म्हणून कार्लॉफने तोंडातला दातांचा ब्रिज काढून ठेवला होता. एवढ्या ओझ्याखालून तो माणूस करुणा पोचवतो. (याच कार्लॉफच्या आजीची बहीण, सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, राजवाड्यात शिकवणारी ॲना लिओनोवेन्स, १८३१ साली अहमदनगरला जन्मली. नगरच्या मंडळींना हे सांगायला मला फार आवडतं.)

पटकथेत फ्रिट्झच्या हातून चांगल्या मेंदूची बरणी फुटते, म्हणून तो गुन्हेगाराचा मेंदू पळवून आणतो. तो प्राणी क्रूर का, याचं हे उत्तर मला मुळीच पटत नाही. कार्लॉफच्या अभिनयात तर त्याचा मागमूसही नाही. डोळे उघडताच ज्याला पलित्याने डिवचलं, त्याने जगाबद्दल दुसरं काय शिकावं?

तळ्याकाठची छोटी मारिया त्याला घाबरत नाही. हात धरून नेते, फुलं देते. दोघं एकेक फूल पाण्यात सोडतात, ती तरंगतात, तो हसतो. त्याच्या हातातली फुलं संपतात. मारियाही तरंगेल असं समजून तो तिला उचलून पाण्यात टाकतो, आणि ती वर येत नाही म्हटल्यावर भेदरून झाडीत धडपडत निघून जातो.

सेन्सॉरने हाच भाग कापला होता. पुढची कित्येक वर्षं लोकांनी पाहिलं ते एवढंच: तो मुलीकडे हात नेतो, आणि थोड्या वेळाने बाप तिचं प्रेत घेऊन हेन्रीच्या लग्नाच्या जल्लोषातून चालत येतो. मधे काय घडलं असेल, याची कल्पना प्रेक्षकांनी करायची! सेन्सॉरच्या कात्रीने एका अजाण जिवावर भलताच आरोप ठेवला. १९८०च्या दशकात तो तुकडा परत जोडला गेला, त्यामुळे आताच्या प्रतींत प्रसंग पूर्ण दिसतो.

घरातल्या मुलांना दाखवायचा असेल तर खुशाल दाखवा, जेमतेम ७० मिनिटांचा आहे. तळ्याच्या प्रसंगाला मात्र शेजारी बसा. मुलं विचारतील, त्याने मुद्दाम केलं का?