फराळाच्या वेबसाइटचं नाव देशोदेशी नोंदवताना

दादरहून आम्ही परदेशी दिवाळीचा फराळ पाठवतो. ऑर्डरी वेबसाइटवरूनच येतात, त्यामुळे डोमेनचं नाव हाच आमचा धंदा. त्याच नावात मधे एक आडवी रेघ घालून कुणीतरी दुसरं डॉट कॉम घेतलं, त्यावर आमच्याच चकल्या-करंज्यांचे फोटो चढवले आणि गिऱ्हाइकांचे पैसे उकळले. ट्रेडमार्कचं तेव्हा मनावर घेतलं.

डोमेनचे पैसे दरवर्षी भरले म्हणून नावाची मालकी मिळत नाही. आपल्या कोर्टांनी डोमेनला संरक्षण दिलंय, हे खरं: १९९९ मध्ये मुंबई हायकोर्टाने रेडिफशी मिळतंजुळतं डोमेन वापरणाऱ्याला रोखलं, २००४ मध्ये सिफी या इंटरनेट कंपनीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानेही डोमेनला ट्रेडमार्कसारखं मानलं. पण ते इथल्यापुरतं, आणि दावा लढून.

वकीलबाईंनी आधी विचारलं, "ताई, पार्सलं जातात कुठे? कुरियरची वही आणा." वहीत अमेरिका, ब्रिटन आणि दुबई हीच नावं पानोपानी होती. "मग एवढेच देश घ्या. जगभर नोंदणी असा प्रकार नसतो." मला हा सल्ला सगळ्यात मोलाचा वाटतो. ब्रिटन आता युरोपियन युनियनपासून वेगळं धरावं लागतं, तेही त्यांनीच सांगितलं.

भारतात अर्ज ऑनलाइन झाला. उद्यम प्रमाणपत्र (छोट्या उद्योगाची सरकारी नोंद) असल्याने फी क्लासमागे, म्हणजे माल-सेवेच्या प्रत्येक वर्गामागे, ४,५०० रुपये. आम्ही ३० (खाद्यपदार्थ) आणि ३५ (विक्री) घेतले. लोगो न घेता नुसते शब्द नोंदवले, कारण डोमेनमध्ये अक्षरंच असतात. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत माद्रिद प्रोटोकॉल या आंतरराष्ट्रीय कराराखाली तिन्ही देशांचा (दुबईसाठी संयुक्त अरब अमिरातीचा) एकच अर्ज केला, म्हणजे भारतातल्या अर्जाची तारीख तिकडेही धरली जाते. मूळ फी ६५३ स्विस फ्रँक, शिवाय देशागणिक वेगळी.

खरी धाकधूक पुढे. नावात 'फराळ' आहे म्हणून ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९चा आक्षेप आला, की हे नुसतं मालाचं वर्णन आहे, आणि उत्तराला महिनाच होता. पहिली पाच वर्षं माद्रिदची नोंदणी मूळ अर्जावर टेकलेली असते. इथे नाकारलं तर लंडन, दुबई सगळंच कोसळणार. जुनी कुरियरची बिलं, पिवळी पडलेली जाहिरातीची कात्रणं, डब्यांवरची लेबलं, हे नाव आमचंच म्हणून ओळखलं जातं हे दाखवायला सगळं प्रतिज्ञापत्राला जोडलं. अँटॉप हिलच्या ट्रेडमार्क कार्यालयात जावं लागलं नाही, सुनावणी व्हिडिओवर झाली. नाव सरकारी ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून आलं, चार महिन्यांत कुणी विरोध केला नाही, प्रमाणपत्र मिळालं.

नकली डोमेनसाठी विपोकडे (जागतिक बौद्धिक संपदा संघटना) यूडीआरपीखाली, म्हणजे डोमेनचे वाद कोर्टाबाहेर सोडवायच्या नियमांखाली, तक्रार केली. फी १,५०० डॉलर. तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: नाव आपल्या चिन्हाशी मिळतंजुळतं आहे, समोरच्याचा त्यावर हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने घेतलं आणि वापरलं. आमचेच फोटो त्याच्या साइटवर असल्याने तिसरी गोष्ट आपोआप सिद्ध झाली. नुकसानभरपाई इथे मिळत नाही, पण डोमेन आमच्या नावावर आलं.

अमेरिकेने मालाचं वर्णन नेमकं करायला सांगितलंय, त्यासाठी तिथला वकील धरलाय. पाचव्या-सहाव्या वर्षी तिथे नाव वापरात असल्याचा पुरावा मागतात, म्हणून तिकडे जाणाऱ्या प्रत्येक डब्याचा लेबलसकट फोटो आणि बिल आत्तापासून जपून ठेवतोय.